आय सेव्हन नव्हे, साल विचारा : वीस हजारांतल्या जुन्या डेस्कटॉपचं एक प्रकरण

मे २०२५ मध्ये भाची दहावी पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. "घरात काँप्युटर घ्यायचाय. दाजी म्हणतात वीस हजारांच्या वर एक रुपया नाही. तूच बघ आता."

मी पुण्यात एका कंपनीत संगणकांची देखभाल बघतो. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या प्रत्येक खरेदीआधी मला फोन येतो. बहुतेक वेळा मी दोन-तीन नावं सांगून मोकळा होतो. या वेळी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत राहिलो आणि सगळं वहीत लिहून ठेवलं, कारण वीस हजार ही रक्कम ताईच्या घरात खरोखर मोठी आहे. ती चुकीच्या डब्यात गेली असती तर दुसऱ्यांदा जमवायला दोन वर्षं लागली असती. त्या वहीतून हा प्रकरण अभ्यास उतरवतोय. आकडे त्या वेळी आम्हाला मिळालेले आहेत. आज, दुसऱ्या गावात, ते वेगळे असतील.

घर आणि गरज

ताईचं घर कराडला. दाजी पतसंस्थेत नोकरीला, ताई घरी शिवणकाम करते. घरात तीन मोबाइल होते, संगणक कधीच नव्हता. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आणि भाचीने तो अर्ज मोबाइलवरच भरला. कॉलेजांचा पसंतीक्रम वरखाली करताना बोट सरकलं, क्रम चुकला, पुन्हा भरला. ताईच्या मनात संगणक तेव्हा आला.

माझ्या मनात दुसरं कारण होतं. भाचीला विज्ञान शाखा घेऊन एमएचटी-सीईटी द्यायची आहे. ती परीक्षा संगणकावर होते. पीसीएम गटाला तीन तासांत दीडशे प्रश्न, समोर मॉनिटर, हातात माऊस, कच्चं काम कागदावर. जेईई मेनचंही तेच. ज्या मुलांनी दोन वर्षं मोबाइल आडवा धरून सराव केलेला असतो, त्यांना परीक्षा केंद्रावर प्रश्नाआधी पडदा अंगावर येतो. नजर मॉनिटर आणि कागद यांच्यात ये-जा करायला सरावलेली नसते. मोठा पडदा आणि माऊस ही तिच्यासाठी चैन नव्हती.

बाकीच्या गरजा साध्या. यूट्यूबवरचे धडे, पीडीएफ, अकरावीच्या आयटी विषयासाठी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, मराठी टायपिंग. दाजींना डिजिटल सातबारा काढायचा होता आणि पतसंस्थेच्या एक्सेलच्या फायली घरी बघायच्या होत्या. ताईने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

एक अट मी घातली. मशीन पाच वर्षं चाललं पाहिजे, म्हणजे अकरावी, बारावी आणि पुढच्या शिक्षणाची तीन वर्षं. पुढचे सगळे निर्णय याच अटीवर झाले.

लॅपटॉपच का नाही, हे दाजींनी विचारलं आणि ते रास्तच होतं. वीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, पण त्यात सेलेरॉन जातीचा दोन कोअरचा प्रोसेसर (प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, कोअर म्हणजे त्यातले काम करणारे भाग) आणि चार जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) असते, आणि ती रॅम बऱ्याचदा मदरबोर्डलाच, म्हणजे सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डलाच, जोडलेली असते. पुढे वाढवायची सोय नाही. वापरलेला लॅपटॉप चांगला मिळू शकतो, पण बॅटरी, बिजागरी, कीबोर्ड आणि पडदा या चार झिजणाऱ्या वस्तू त्यात एकत्र अडकलेल्या असतात. एक गेली की बाकीच्या चालू ठेवण्यासाठी खर्च करावा लागतो. डेस्कटॉपमध्ये कीबोर्ड बिघडला तर साडेतीनशेत नवा. घराबाहेर न्यायची गरज नसेल तर जुन्या मालात डेस्कटॉपच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दुकानातला आय सेव्हन

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कराडला पोचलो तेव्हा दाजींनी एक मशीन जवळजवळ ठरवूनच ठेवलं होतं. दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं : आय सेव्हन (इंटेलच्या प्रोसेसरचं नाव), १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फायली ठेवायची वेगवान डिस्क), २० इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, वायफाय, विंडोज ११, एक वर्षाची वॉरंटी. किंमत १७,५००. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. भाची हरखून गेली होती.

"हे कुठल्या सालचं?" मी दुकानदाराला विचारलं.

"साहेब, नवीन आहे. बॉक्स पीस."

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव बघितलं. आय७-२६००.

हा प्रोसेसर इंटेलने जानेवारी २०११ मध्ये आणला. भाची तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. मदरबोर्ड नवा होता, पण एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप), म्हणजे त्याच काळातल्या प्रोसेसरांसाठीचा. असे बोर्ड आजही नवे बनून येतात आणि त्यांवर जुन्या मशीनांतून काढलेले प्रोसेसर बसवले जातात. रॅम डीडीआर३, तीही जुनी. या चिपसेटची साटा जोडणी (डिस्क जिथे लागते ती) सेकंदाला तीन गिगाबिटची, त्यामुळे आजची साटा एसएसडी तिथे अर्ध्या वेगाने धावते. कॅबिनेट नवं, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, नवा (त्याच्यावर कुठल्याच ओळखीच्या कंपनीचं नाव नव्हतं), आणि ज्याच्या नावावर किंमत ठरली तो प्रोसेसर चौदा वर्षांचा.

विंडोज ११ बद्दल जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो (मोजके अपवाद सोडून), शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या आतल्या सुरक्षेच्या सोयी. आय७-२६०० दुसऱ्या पिढीचा आहे. तरीही त्याच्यावर विंडोज ११ चढवता येतं, कारण तपासणी चुकवण्याच्या युक्त्या सर्रास माहीत आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पडद्यावर विंडोज ११ दिसतं, एवढ्यावरून मशीन त्यासाठी पात्र ठरत नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. घरगुती मशीनवर ती ओळ दिसली की परवाना खरा नाही असं मी धरून चालतो.

दुकानदाराला मी शांतपणे हे दाखवलं. माणूस सरळ होता. म्हणाला, "साहेब, ह्या पैशात नव्या पिढीचं बसत नाही. आणि गिऱ्हाईक आल्या-आल्या आय सेव्हनच मागतं. आय थ्री सांगितलं की उठून जातं." मला त्याचं म्हणणं पटलं. मागणीच नावाची असेल तर दुकानात नावच येणार.

दाजींना मात्र पटेना. "सात पाचापेक्षा मोठा नाही का?"

मी त्यांना त्यांच्याच कामातलं विचारलं. "पतसंस्थेत जुन्या गाडीवर कर्ज मागायला माणूस आला की आधी काय बघता?"

"आरसी बुकातलं साल."

"मग इथेही तेच बघायचं."

नाव वाचायची रीत सोपी आहे. डॅशनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा : २६०० म्हणजे दुसरी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन, म्हणून १०१०० हा दहाव्या पिढीचा. आय थ्री, फाइव्ह, सेव्हन ही त्या-त्या पिढीच्या आतली उतरंड आहे. दोन पिढ्यांमधली तुलना त्या आकड्यांवरून करता येत नाही. आठव्या पिढीत इंटेलने डेस्कटॉपच्या आय थ्रीला चार कोअर दिले आणि आय फाइव्हला सहा. त्याआधी वर्षानुवर्षं आय थ्रीला दोन आणि आय फाइव्हला चार असायचे. त्यामुळे आठव्या पिढीचा साधा आय३-८१०० सातव्या पिढीच्या आय५-७५०० च्या तोडीचा आहे आणि घरगुती कामात त्या जुन्या आय७-२६०० पेक्षा सरस. शिवाय त्याच्या आतलं ग्राफिक्स यूट्यूबचे व्हीपी९ प्रकारातले व्हिडिओ स्वतः सोडवतं. २०११ च्या प्रोसेसरमध्ये ती सोय नाही, तिथे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडायला लागतो. दिवसाला तीन तास व्हिडिओ धडे बघणाऱ्या मुलीच्या घरात हा फरक रोज ऐकू आला असता.

शेवटच्या अक्षराकडेही बघावं. टी असेल तर कमी वीज खाणारा, थोडा मंद. एफ असेल तर आत ग्राफिक्सच नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागतं.

ऑफिसातून निघालेली मशीनं

मग चांगलं जुनं मशीन येतं कुठून? माझ्या नोकरीत ही वाट मी आतून पाहिली आहे. मोठ्या कंपन्या शेकड्याने डेस्कटॉप घेतात, बरेचदा भाडेकरारावर. तीन ते पाच वर्षांनी करार संपला किंवा मशीन हिशेबात निकालात निघालं की अख्खा लॉट एकदम जातो. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावं त्या लॉटमधून बाजारात येतात. एसीच्या हवेत, यूपीएसच्या विजेवर, दिवसाचे आठ-नऊ तास चाललेली ही मशीनं. घरात वापरलेल्या असेंबल मशीनपेक्षा त्यांचं आयुष्य सहसा सुखात गेलेलं असतं. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या कंपन्यांमुळे असा माल भरपूर निघतो. मुंबईला त्यासाठी लोक लॅमिंग्टन रोडला जातात, दिल्लीत नेहरू प्लेसला.

आतली एक गोष्ट बाहेर फारशी कुणी सांगत नाही. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपन्या मशीन देताना बऱ्याचदा डिस्क काढून घेतात. व्यापारी मग त्या रिकाम्या जागी सगळ्यात स्वस्त मिळेल ती एसएसडी बसवतो. म्हणजे मशीन भक्कम, आणि तुमचा सगळा डेटा ज्यात राहणार तोच भाग सगळ्यात कमजोर. जुन्या मशीनमध्ये मी म्हणूनच एसएसडीकडे सगळ्यात जास्त लक्ष देतो.

दाजींची खरी शंका वेगळी होती. कराडहून पुणं एकशे साठ किलोमीटर. मशीन बिघडलं तर ते डोक्यावर घेऊन एसटीने कोण जाणार? गावातला दुकानदार निदान हाताशी आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. मी पुण्यात राहतो म्हणून आमचं निभावलं. ज्याचं पुण्यात कुणी नाही, त्याने गावातल्याच दुकानदाराला आठव्या पिढीचं कंपनीचं मशीन मागवून द्यायला सांगावं, हजार-दीड हजार जास्त पडले तरी. दुरुस्तीला जवळचा माणूस असणं हे त्या पैशाचं मोल आहे.

तीन किमती

पुण्यात पेठेतल्या एका दुकानात तीन पर्याय समोर आले. सहाव्या पिढीचा आय५-६५००, ८ जीबी, ७,५०० रुपये. आठव्या पिढीचा आय३-८१००, ८ जीबी, ९,८००. आठव्या पिढीचा आय५-८५००, ८ जीबी, ११,२००.

पहिल्याकडे मन ओढत होतं. साडेसात हजारांत ते मशीन झकास चालत होतं आणि वाचलेल्या पैशात नवा मॉनिटर आला असता. पण सहाव्या पिढीचं म्हणून ते विंडोज ११ ला पात्र नव्हतं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपणार होता, म्हणजे चार महिन्यांत. त्यानंतर एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. माझ्या पाच वर्षांच्या अटीत हे बसत नव्हतं. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून ते मशीन निर्धास्त पाच वर्षं चाललं असतं आणि मी एकट्यासाठी घेत असतो तर तेच घेतलं असतं. पण दाजींच्या एक्सेलच्या फायली, त्यांतली सूत्रं, आणि अडलं तर शेजारच्या कुणालाही विचारता येणं, या कारणांनी त्या घराला विंडोजच हवं होतं. स्वतःची आवड दुसऱ्याच्या घरात घुसवू नये.

आय थ्री की आय फाइव्ह, यात मी बराच वेळ घातला. चौदाशेचा फरक. आजच्या कामाला आय थ्री पुरेसा होता. मी सहा कोअर घेतले ते पाचव्या वर्षासाठी. हा निर्णय अगदीच एकतर्फी नव्हता, हे मान्य करतो.

आकाराचाही प्रश्न होता. ही मशीनं तीन आकारांत मिळतात. उभं मोठं टॉवर, त्याहून बारीक आडवं-उभं ठेवता येणारं स्मॉल फॉर्म फॅक्टर, आणि पाटीएवढं मिनी. मिनी दिसायला गोड, वीज कमी, आवाज जवळजवळ नाही. पण त्यात लॅपटॉपची रॅम लागते, जागा नसते, बाहेरचा ॲडॉप्टर लागतो. आम्ही मधलं घेतलं. त्याचा तोटा असा, की एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचा असतो. जळाला तर गावातल्या दुकानातला साधा एसएमपीएस आत बसत नाही आणि मदरबोर्डचा सॉकेटही वेगळा असू शकतो. कराडकडे पावसाळ्यात वीज ज्या तऱ्हेने येते-जाते ते बघता यूपीएस घेणं भागच होतं. दाजी त्याला वायफळ खर्च म्हणत होते. मी मात्र मागे हटलो नाही.

दुकानातला दीड तास

सोबत दोन पेन ड्राइव्ह, इअरफोन आणि एक लॅन केबल नेली होती. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट होतं, जे मशीनवर काहीही न चढवता थेट सुरू होतं.

पहिलं मशीन सुरू केलं, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जायला कळ दाबली, तर पासवर्ड मागितला. दुकानातला मुलगा म्हणाला, "त्याची गरज नाही पडत, विंडोज चालतंय ना." मी ते बाजूला ठेवायला सांगितलं. जुन्या कंपनीने घातलेला तो पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. पुढे विंडोज नव्याने टाकायचं झालं, पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं झालं की तिथेच अडतं, आणि नव्या मॉडेलांमध्ये तो काढणं सोपं राहिलेलं नाही. उत्तम चालणारं मशीन असलं तरी मी अशा कुलपाचं घेत नाही.

दुसऱ्या मशीनचा बायोस मोकळा होता. आतला सीरियल नंबर आणि कॅबिनेटवरच्या स्टिकरवरचा नंबर जुळला. डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणते. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मशीनची मूळ वॉरंटी कधीची आणि ते मुळात कोणत्या भागांसकट निघालं होतं ते कळतं. आमचं २०१९ चं निघालं. आरसी बुकातलं साल मिळालं, असं मी दाजींना फोनवर कळवलं.

मग मशीनमधलीच तपासणी चालवली. या कंपन्यांच्या मशीनमध्ये ती आधीपासून असते. डेलमध्ये सुरू होताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एफ२. रॅम, पंखा, डिस्क सगळं ती स्वतः तपासते. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, चार व्हिडिओ एकदम लावले आणि वीस मिनिटं तसंच चालू दिलं. पंखा वाढला, पण खरखर नाही. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह घालून पाहिला. पुढचा एक पोर्ट सैल निघाला. त्याबद्दल दोनशे रुपये कमी करून घेतले नाहीत, पण बिलावर नोंदवून घेतलं.

कॅबिनेट उघडलं. धूळ होती, ती असणारच. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले नव्हते, जळका वास नव्हता. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक होती आणि शेजारचा खण रिकामा. हे मला हवंच होतं, कारण दुसरी स्टिक लावून १६ करता येतात. दोन चारच्या स्टिक असत्या तर १६ करायला पुढे दोन्ही काढून टाकाव्या लागल्या असत्या.

डिस्कची परीक्षा क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने केली. आत १२८ जीबीची एक एसएसडी होती, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. वर 'फ्री' म्हणून ५०० जीबीची हार्ड डिस्क दिली होती. ती पिवळ्या रंगात, म्हणजे सावधानतेच्या इशाऱ्यासह, आली, एकतीस हजार तास चाललेली, खराब झालेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) बदलल्याची नोंद. एकतीस हजार तास म्हणजे अखंड साडेतीन वर्षं. ती मी काढून परत दिली. फुकट मिळालेली मरणपंथाला लागलेली डिस्क घरात असली की कुणीतरी तिच्यावर लग्नाचे फोटो ठेवतंच. एसएसडीच्या जागी ओळखीच्या कंपनीची २५६ जीबीची नवी बसवून घेतली, आठशे रुपये वरून देऊन. मशीन बारा हजारांना पडलं.

विंडोज त्यांचं ठेवलं नाही. मूळ मशीनबरोबर आलेल्या विंडोज १० प्रोची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणलं होतं, ते कोरं टाकलं, इंटरनेट लागल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. परवान्यासाठी एक रुपयाही लागला नाही. विंडोज कुणाच्या हातचं आहे हे माहीत नसताना त्यात दाजींनी बँकेचा पासवर्ड टाकावा, हे मला सहन झालं नसतं.

बिलावर सीरियल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. मी किंमत विचारतानाच 'बिलासकट किती' असं विचारतो. चोरीचा माल नाही याचा तेवढाच पुरावा आपल्या हातात राहतो.

पैशांचा हिशेब

मशीन १२,०००. मॉनिटर ३,८००. यूपीएस २,९००. कीबोर्ड-माऊस ७००. वायफाय डोंगल ५००. एकूण १९,९००.

मॉनिटर वापरलेला घेतला, तोही ऑफिसातून निघालेला, २२ इंची, १९२० बाय १०८० चा, वरखाली होणाऱ्या स्टँडचा. नव्या स्वस्त मॉनिटरला तो स्टँड नसतो आणि मग घरोघरी मॉनिटरखाली पुस्तकांची चळत दिसते. पांढरा, काळा, लाल असे पूर्ण पडदे लावून बघितले. उजव्या कोपऱ्यात किंचित पिवळसर छटा होती. भाचीला दाखवली, ती म्हणाली, "मामा, तुम्ही सांगितलं नसतं तर दिसलीच नसती." घेतला. लहान चौकोनी किंवा १३६६ बाय ७६८ चे मॉनिटर दोन हजारांत मिळत होते. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर तिथे पैसे वाचवू नयेत.

यूपीएस तेवढा नवा, ६०० व्हीएचा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल हे दाजींना आधीच सांगून ठेवलंय.

वेबकॅमसाठी पैसे उरले नाहीत. त्यावर उपाय भाचीनेच शोधला. विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड मोबाइल जोडून त्याचा कॅमेरा वेबकॅमसारखा वापरता येतो. ताईचा जुना मोबाइल मॉनिटरच्या वर रबरबँडने अडकवला.

पुढचे सात महिने

पहिल्याच आठवड्यात वायफायची तक्रार आली. राउटर पुढच्या खोलीत, मशीन आतल्या खोलीत, मध्ये सिमेंटची भिंत. पाचशेचा डोंगल तिथे कमी पडला. शेवटी पंधरा मीटरची लॅन केबल दाराच्या चौकटीवरून नेली आणि विषय मिटला. केबल आधी सुचायला हवी होती, डोंगलचे पैसे वाचले असते.

ऑगस्टमध्ये भाचीचा घाबरून फोन. कुठलीच वेबसाइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही' असं येतंय. मी विचारलं, "खाली उजवीकडे तारीख कुठली दिसते?" जुनी काहीतरी होती. रात्री मुख्य बटण बंद केलं की मशीन तारीख विसरत होतं, कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. घड्याळ चुकलं की वेबसाइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. मी फोनवर सांगत गेलो, तिने कॅबिनेट उघडलं, गावातून चाळीस रुपयांचा सेल आणून बसवला. सहा-सात वर्षं जुन्या मशीनमध्ये हा सेल खरेदीच्याच दिवशी बदलावा. हे माझ्याकडून राहून गेलं.

वीज फार लागत नाही. मी माझा प्लग मीटर नेऊन लावला होता. मॉनिटरसकट साध्या कामाला साधारण पन्नास वॅट. दिवसाला पाच तास धरले तर महिन्याला साडेसात युनिटं. दाजींनी हा आकडा वीजबिलाच्या मागे लिहून ठेवला आहे.

मशीन सगळ्यात जास्त वापरते ताई. हे कुणाच्याच यादीत नव्हतं. ब्लाऊजच्या कटिंगचे व्हिडिओ ती मोठ्या पडद्यावर लावते, थांबवते, मापं वहीत उतरवते, पुन्हा सुरू करते. गिऱ्हाइकांचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये मराठीत ठेवायला भाचीने शिकवलं. विंडोजमधल्या मराठी फोनेटिक कीबोर्डवर ती आता बऱ्यापैकी टाइप करते. दुपारी दोन ते चार मशीन तिचं, हे घरात ठरून गेलंय.

राहिलेली एक गोष्ट मला अजून सलते. ८ जीबी रॅमवर भाचीचं काम चालतं, पण ब्राउझर, सराव परीक्षा आणि व्हिडिओ असं सगळं एकदम उघडलं की मशीन अडखळतं. दुसरी स्टिक दिवाळीत घेऊ असं आम्ही जूनमध्ये ठरवलं होतं, तेव्हा ती हजार-अकराशेला मिळत होती. दिवाळीपर्यंत मेमरीच्या किमती चढायला लागल्या. एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि आपल्यासारख्यांच्या साध्या स्टिकही महागल्या. डिसेंबरात त्याच दुकानात त्याच स्टिकचे दुपटीहून जास्त सांगितले. दाजी म्हणाले, थांबू. जूनमध्ये मी यूपीएसइतकाच आग्रह रॅमसाठी धरला असता तर बजेट हजाराने वाढलं असतं आणि दाजी शेवटी तयार झाले असते, असं मला वाटतं. सध्या भाची एका वेळी एकच मोठं काम उघडते, आणि तो दुसरा खण रिकामा आहे.